हॉस्टेलची खोली तीन हजारांत कशी सजवावी: ठाणे-नवी मुंबईत शिकायला आलेल्यांसाठी

शिकायला म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत आलेल्या मुलामुलींच्या वाट्याला जी खोली येते, ती नेरूळला असो, खारघरला असो की घोडबंदर रोडला, साधारण सारखीच असते. लोखंडी कॉट, एक कपाट, जमलंच तर टेबल, डोळ्यांवर येणारी पांढरी ट्यूबलाइट, आणि पहिल्याच दिवशी रेक्टरने किंवा घरमालकाने दिलेली तंबी: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. अशा खोलीत वर्षभर राहायचं, अभ्यास करायचा, आजारी पडायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं. त्यामुळे ती नीट लावणं ही चैन आहे असं मला अजिबात वाटत नाही. खोलीत पाऊल टाकल्यावर बरं वाटलं पाहिजे, इतकी साधी गरज आहे ती.

मात्र इथल्या खोलीची तीन बंधनं आहेत आणि इंटरनेटवरच्या सुंदर फोटोंना ती ठाऊक नसतात. चार महिने धो धो पाऊस आणि खाडीकाठची दमट हवा, अडकलेलं डिपॉझिट, आणि वर्ष संपलं की गाशा गुंडाळून निघायचं. म्हणून काहीही विकत घेण्याआधी त्या वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारा. ही धुता येईल का? भिंतीला इजा न करता काढता येईल का? लोकलमधून नेता येईल का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तरच घ्या. पुढचं सगळं याच कसोटीवर बेतलेलं आहे.

पैशांची वाटणी आधी कागदावर

३००० रुपये धरून चालू. त्यातले १००० रुपये अंथरुणाला, ८०० रुपये दिवा आणि एक्स्टेन्शन बोर्डाला, ४०० रुपये सामान ठेवण्याच्या सोयीला, ३०० पडद्याला, ३०० भिंतीला आणि २०० रुपये ओल आणि साफसफाईला. वाटणी मुद्दाम अशी आहे. ज्यावर आपण रोज सात-आठ तास झोपतो आणि ज्या उजेडात वाचतो, तिथे पैसे गेले पाहिजेत. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी फोटो, माळा, पोस्टर यांवर पैसे उडतात आणि मग वर्षभर मेसच्या फरशीइतक्या कडक गादीवर पाठ मोडून घेतात.

घरून काय आणता येईल याची यादी वेगळी करा. जुनी सुती साडी, वापरात नसलेले ब्लाउजपीस, एक गोधडी, दिवाळीतला कागदी कंदील. या चार गोष्टींनी निम्मं काम होतं. कसं, ते पुढे सांगते.

पहिला आठवडा: माप, साफसफाई, निरीक्षण

पहिल्या आठवड्यात चादर, कुलूप आणि एक्स्टेन्शन बोर्ड एवढंच घ्या. बाकी काही नको. खोलीत आठ दिवस राहिल्याशिवाय तिचा स्वभाव कळत नाही.

सामान लावण्याआधी रिकाम्या खोलीचे फोटो काढा. भिंतींचे पोपडे, आधीचे खिळे, फुटलेली फरशी, कपाटाचं तुटलेलं हँडल, सगळं. ते त्याच दिवशी घरमालकाला किंवा रेक्टरला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, म्हणजे तारखेनिशी नोंद राहते आणि निघताना डिपॉझिटवरून वाद होत नाही.

मग मेजरिंग टेप घ्या. कॉटची लांबी सहा फूट असते, पण रुंदी कुठे अडीच फूट तर कुठे तीन फूट, त्यामुळे अंदाजाने गादी किंवा चादर आणू नका. कॉटखाली किती उंची आहे ते मोजा. तिथे बॅग आणि खोके जाणार आहेत. खिडकीची रुंदी-उंची, टेबलापासून प्लगपर्यंतचं अंतर, दार उघडल्यावर कुठपर्यंत येतं, हे सगळं फोनमध्ये लिहून ठेवा. दुकानात उभं राहून ‘बहुतेक बसेल’ म्हणत घेतलेली वस्तू सहसा बसत नाही.

खिडकी कोणत्या दिशेला आहे तेही पाहा. आपल्याकडे पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो, म्हणजे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडकीतून जुलैमध्ये झड आत येणार. त्या खिडकीखाली पुस्तकं, लॅपटॉप, एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नका. पश्चिमेच्याच खिडकीतून एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन थेट कॉटवर येतं, तेव्हा पडदाही जाड लागतो. इमारतीच्या बाहेरच्या बाजूची भिंत कोणती ते हात लावून ओळखा. पावसाळ्यात ती गार आणि दमट लागते. कॉट आणि कपाट या भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. हवा खेळती राहिली तर कपाटामागे बुरशी धरत नाही.

साफसफाईत एक गोष्ट टाळूच नका: ढेकूण. कॉटचे सांधे, स्क्रूची भोकं, फळ्यांच्या फटी आणि गादीच्या शिवणी मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहा. काळे बारीक ठिपके दिसले की समजायचं. लोखंडी कॉटच्या सांध्यांवर उकळतं पाणी ओता, गादी कडक उन्हात टाका, आणि प्रादुर्भाव मोठा असेल तर सामान उघडण्याआधीच पेस्ट कंट्रोलची मागणी करा. एकदा ते बॅगेत शिरले की सुट्टीत तुमच्याबरोबर घरापर्यंत येतात.

खिडकीच्या चौकटीवर काळी बुरशी असेल तर पाण्यात थोडं ब्लीच घालून, तोंडाला रुमाल बांधून, खिडकी उघडी ठेवून पुसा. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका; त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो फार धोक्याचा.

उजेड

खोलीचं रूप सगळ्यात स्वस्तात कशाने बदलत असेल तर उजेडाने. छताची पांढरी ट्यूब साधारण ६५०० केल्विनची असते. (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळसर, मोठा तितका निळसर.) तो उजेड स्वच्छ असतो पण रात्री अंगावर येतो, माणसं फिकट दिसतात, भिंतीचा प्रत्येक डाग उठून दिसतो. म्हणून दुसरा, पिवळसर, खालच्या उंचीवरचा उजेड हवा. एलईडी बल्बच्या खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ आणि २७०० किंवा ३००० केल्विन असं लिहिलेलं पाहून घ्या. होल्डर पिनांचा आहे की आट्यांचा ते आधी बघा. सात ते नऊ वॅटचा एक बल्ब खोलीच्या एका कोपऱ्याला पुरतो.

अभ्यासाचा दिवा वेगळा. तिथे ४००० केल्विनच्या आसपासचा, ना पिवळा ना निळसर असा उजेड बरा. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, डावखुरे असाल तर उजवीकडे. म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. रूमपार्टनर झोपलेला असताना तुम्ही वाचणार असाल तर मान वाकणारा क्लिपचा दिवा घ्या. त्याचा झोत तुमच्या पानापुरताच राहतो. दोन कॉटच्या खोलीतली कित्येक भांडणं एवढ्याने वाचतात.

आता कंदील. दिवाळी संपली की कागदी आकाशकंदील माळ्यावर जातो, आणि पुढच्या वर्षी बहुतेक घरांत नवा येतो. तो जुना कंदील मागून घ्या. पांढरा, फिका पिवळा किंवा अबोली रंगाचा असेल तर उत्तम; गडद लाल-हिरव्या कागदातून उजेड रंगीत येतो आणि वाचायला उपयोग होत नाही. आत पाच वॅटचा एलईडी बल्ब, बल्ब आणि कागद यांत सगळीकडून किमान हातभर नाही तरी वीतभर अंतर, आणि कंदील टांगायचा तो वायरच्या आधाराने नव्हे, दोरीने. जुना काचेचा, तारेचा बल्ब त्यात कधीही लावू नका. तो तापतो आणि कागद पेट घेऊ शकतो. पंख्याच्या वाऱ्यात कंदील फिरतो, म्हणून खालच्या झिरमिळ्या कापून टाका आणि खालून एक दोरी बांधून कॉटच्या दांड्याला अडकवा. कोपऱ्यातली लोखंडी कॉट आणि वर हा कंदील एवढ्यानेच खोलीला चेहरा येतो.

बारीक दिव्यांची माळ लावायची असेल तर यूएसबीवर किंवा सेलवर चालणारी घ्या. थेट प्लगला लागणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या स्वस्त माळा पडद्याला आणि गादीला चिकटवून रात्रभर चालू ठेवणं धोक्याचं आहे.

एक्स्टेन्शन बोर्डाबद्दल कडक बोलायला हवं. आयएसआय मार्क बघूनच घ्या. लहान प्लग ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १३८० वॅटपर्यंतच त्याची ताकद. पाण्याची इलेक्ट्रिक किटली १५०० वॅटची, इंडक्शन शेगडी त्याहून जास्त. ही उपकरणं त्या बोर्डावर लावली की बोर्ड तापतो, प्लॅस्टिक वितळतं. बोर्डावर लॅपटॉप, फोन, दिवा, छोटा पंखा एवढंच. एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसायचा नाही, आणि बोर्ड फरशीवर न ठेवता टेबलाच्या पायाला बांधायचा, म्हणजे झड आली किंवा बाटली सांडली तरी पाण्यात जात नाही.

कॉट: रात्री अंथरूण, दिवसा बैठक

खोलीत सगळ्यात मोठी दिसणारी गोष्ट कॉट. तिच्यावरची चादर बदलली की निम्मी खोली बदलते. सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंचांची येते, ती तीन फुटी कॉटवर दोन्ही बाजूंनी खाली पडते आणि खालची खोकी झाकते. दोन चादरी घ्या, दोन्ही सुती. एक गडद, एकरंगी किंवा बारीक छापाची. दुसरी कशीही चालेल. पांढऱ्या चादरीच्या मोहात पडू नका, इथल्या पाण्यात आणि हॉस्टेलच्या बादलीत ती दोन महिन्यांत मळकट होते.

पांघरुणाला घरची गोधडी असेल तर दुसरं काही नको. आजीच्या नऊवारीच्या, आईच्या साड्यांच्या तुकड्यांची गोधडी विकतच्या कुठल्याही बेडकव्हरपेक्षा देखणी दिसते, तिला इस्त्री लागत नाही आणि डाग दिसत नाहीत. अडचण एकच: जुलैत ती धुतली तर आठवडा उलटला तरी आतून ओली राहते आणि कुबट वास धरते. सोलापुरी चादरीचंही तेच, ती टिकाऊ पण जाड. त्यामुळे पावसाळ्यापुरतं पातळ दोहर किंवा दुपदरी जुनी साडी वापरा आणि गोधडी गणपतीनंतर, दसऱ्याच्या सुमाराला उन्हं पडली की काढा.

दिवसा कॉटवर बसायला पाठीला काहीतरी लागतं. लोड शिवून घ्या. जास्तीची चादर, पांघरूण, हिवाळ्यासाठी आईने बळेबळे दिलेले स्वेटर यांची गुंडाळी करून ती नळीसारख्या खोळीत भरायची आणि दोन्ही टोकांना नाडी आवळायची. सामान ठेवायला जागा मिळाली आणि टेकायला लोडही झाला.

उश्यांच्या कव्हरांसाठी एक पैसा खर्च करू नका. हळदीकुंकवाला आलेले, ओटीत मिळालेले ब्लाउजपीस घरोघरी कपाटात पडून असतात. खणाचे, इरकली काठाचे, छापील. एक मीटरच्या पीसमध्ये १६ इंची उशीचं पाकिटासारखं कव्हर बसतं: मागच्या बाजूला कापड एकावर एक चार इंच चढवायचं, चेन नको, बटण नको. पिको-फॉल करणाऱ्या बाईंना दाखवलंत तर त्या पाच मिनिटांत दोन सरळ शिवणी मारून देतात. गडद एकरंगी चादरीवर दोन खणाची कव्हरं ठेवून पाहा.

साडीचा पडदा

तयार पडदे महाग असतात आणि स्वस्तातले बहुतेक पॉलिस्टरचे. ते हवा अडवतात. दमट हवेत खिडकीला सुतीच पडदा हवा. जुनी सुती सहावारी साडी यासाठी अगदी योग्य. नायलॉन किंवा जॉर्जेटची नको.

हिशेब असा. साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट लांब आणि ४५ इंच रुंद. तुमची खिडकी चार फूट रुंद आणि पाच फूट उंच आहे असं धरू. साडीचे साडेपाच-साडेपाच फुटांचे दोन तुकडे कापा. वरचं अर्धा फूट नेफा आणि खालची दुमड यांत जातं. दोन तुकड्यांची मिळून रुंदी ९० इंच, खिडकी ४८ इंच. म्हणजे जवळजवळ दुप्पट कापड, चुण्या छान पडतात. साडीचे काठ आपोआप पडद्याच्या उभ्या कडांना येतात, त्यामुळे बाजूची शिवण वाचते. मध्ये दोन काठ शेजारी येतात ते फार देखणं दिसतं. पदर असलेल्या टोकाकडून कापायला सुरुवात करू नका. पदराचा भाग राखून ठेवा. उरलेल्या सात फुटांत तो असेल, तो टेबलावर अंथरायला किंवा कपाटाच्या उघड्या फळ्या झाकायला होतो.

नेफा दीड-दोन इंचांचा ठेवा. पडदा अडकवायला दोन मार्ग. सरकत्या ॲल्युमिनिअमच्या खिडकीला आतून खाच असेल तर त्या खाचेत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड घ्या. त्याला खिळा लागत नाही. नसेल तर खिडकीच्या दोन्ही बाजूंना आधीच्या भाडेकरूंचे खिळे बहुधा असतातच, त्यांना पडद्याची स्प्रिंगची तार ताणून लावा. पडद्याची खालची कड खिडकीच्या कट्ट्याला टेकू देऊ नका, दोन बोटं वर ठेवा. कट्ट्यावर पाणी साचलं तर कापड ते वर ओढतं आणि तिथूनच काळं पडायला लागतं.

कॉटखालची जागा झाकायलाही हीच युक्ती. उरलेलं कापड नाडीवर ओवून कॉटच्या दांड्याला बांधलं की मागच्या बॅगा दिसत नाहीत.

भिंत: खिळ्याशिवाय

भिंतीवर काही चिकटवण्याआधी तिचा रंग कोणता ते ओळखा. गडद रंगाचा सुती कपडा भिंतीवर जोरात घासा. पांढरी भुकटी लागली तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर. अशा भिंतीवर कुठलीही चिकटपट्टी टिकत नाही. पट्टी भुकटीला चिकटते, भिंतीला नाही, आणि पडताना रंगाचा पापुद्रा घेऊन येते. भाड्याच्या खोल्यांत बहुतेक वेळा हेच असतं. कपडा स्वच्छ राहिला आणि भिंतीला किंचित तुकतुकी असेल तर तो प्लॅस्टिक रंग, त्यावर ‘कमांड’ ब्रँडसारख्या ओढून निघणाऱ्या चिकटपट्ट्या चालतात. पण खोली नुकतीच रंगवली असेल तर किमान आठवडाभर थांबा.

या पट्ट्या लावायची पद्धत आहे. जागा स्पिरिटने पुसायची, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरायची, तासभर काही टांगायचं नाही. काढताना पट्टीचं टोक भिंतीला समांतर, सरळ खाली, सावकाश ओढायचं. आपल्या अंगाकडे ओढलं की रंग निघालाच म्हणून समजा. दुहेरी चिकटणारी फोमची टेप मात्र कुठल्याच भिंतीवर नको.

भुकटीवाली भिंत असेल तर तिला विसरून जा आणि आधीपासून जे आहे त्याचा आधार घ्या. लोखंडी कपाट हे सगळ्यात दुर्लक्षित फळा आहे: चुंबकाने फोटो, वेळापत्रक, पोस्टकार्डं काहीही लावता येतं, रोज बदलता येतं. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या वरच्या कडेपर्यंत सुतळी ताणा आणि कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी चित्रं अडकवा. दाराच्या वरच्या कडेवर बसणारे हुक मिळतात, त्यावर कापडी कप्प्यांची लांब पट्टी टांगता येते.

माझं मत विचाराल तर वीस छोट्या गोष्टींपेक्षा एक मोठी गोष्ट लावा. छोटी चित्रं दहा बाय दहाच्या खोलीत गर्दी करतात. आणि ती मोठी गोष्ट स्वतः करा. वारली चित्र याला फार सोयीचं आहे, आणि ते इथलंच आहे. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते डहाणू तालुक्यातले, आणि २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. मूळ पद्धतीत गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने काढतात. आपण खाकी कागद किंवा गेरूच्या रंगाचं सुती कापड घ्यायचं, पांढरा ॲक्रिलिक रंग आणि बारीक ब्रश. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पण फक्त माणसं काढून सोडू नका. झाड, शेत, पक्षी, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग, ही त्या चित्राची खरी रचना आहे. आधी खऱ्या वारली कलाकारांची कामं शांतपणे पाहा, मग काढा. पूर्ण झालेलं कापड वरून आणि खालून एकेका काठीवर गुंडाळून शिवा, म्हणजे सुरकुती पडत नाही आणि निघताना गुंडाळी करून नेता येतं.

सामान ठेवायला: आंब्याची पेटी

किराणा दुकानातली पुठ्ठ्याची खोकी फुकट मिळतात, पण इथे ती टिकत नाहीत. पावसाळ्यात पुठ्ठा ओल पितो, मऊ पडतो, त्यात झुरळं आणि कसर होते. कपडे आणि पुस्तकं त्यात ठेवू नका.

त्याऐवजी हापूसची लाकडी पेटी. वाशीच्या एपीएमसी फळबाजारात आंब्याचा हंगाम साधारण मार्च ते मे जोरात असतो, आणि तुमचं कॉलेज सुरू होतं तेव्हा तो नुकताच संपत आलेला असतो. हल्ली पुठ्ठ्याच्या पेट्या वाढल्या आहेत, तरी लाकडी अजून मिळतात. घाऊक बाजारात जाणं जमत नसेल तर स्टेशनजवळच्या फळवाल्या काकांना विचारा. रिकामी पेटी ते थोडक्यात देतात. निवडताना फळ्यांवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिवळसर भुसा दिसला तर ती पेटी सोडा, तिला कीड लागली आहे. ओलसर, काळपट डागांचीही नको.

पेटी आणली की आधी सगळे बाहेर आलेले खिळे पक्कडीने काढा किंवा हातोडीने वाकवून ठोका. आतून हात फिरवून खात्री करा, कारण याच खिळ्यांना कपडे फाटतात. मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १२० नंबरचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. हे लाकूड मऊ असतं, जोर लावायची गरज नाही. हाताला कूस टोचायचं थांबलं की पुरे. दोन दिवस कडक उन्हात ठेवा. रंग द्यायचाच असेल तर एक हात पातळ ॲक्रिलिकचा द्या, पण पेटीवर बागेचं नाव किंवा छाप असेल तर तो पुसू नका, तीच तिची शोभा. दोन पेट्या आडव्या, एकावर एक ठेवून मागच्या बाजूने तारेने घट्ट बांधल्या की कॉटशेजारचं टेबल तयार. खाली दोन विटा किंवा फरशीचे तुकडे ठेवा, म्हणजे लाकूड ओल्या फरशीला लागत नाही. वजनदार पुस्तकं खालच्या पेटीत, वरती पाण्याची बाटली, चष्मा, फोन. पाच-सहा किलोंच्या वर भार वरच्या फळीवर देऊ नका.

ओल

जुलै-ऑगस्टमध्ये सजावट टिकवायची तर कोरडेपणा हीच खरी सजावट. ओले कपडे खोलीत वाळवावेच लागतात, तेव्हा दोरी पंख्याखाली, भिंतीपासून दूर बांधा, आणि जाड कपडे एकाच दिवशी धुवायला काढू नका. कपाटात ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगा. पाणी भरलं की त्या फेकून द्यायच्या. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून कॅमेऱ्याजवळ, कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा. कपड्यांत वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि कापूर. डांबर गोळ्या लहानशा बंद खोलीत डोकं दुखवतात, त्या मी टाळायला सांगेन. पाऊस उघडला आणि ऊन पडलं की तासभर कपाटाची दारं उघडी टाकून पंखा लावा.

झाड हवंच असेल तर मनी प्लांट. कुणाच्याही बाल्कनीतून एक फांदी मागून आणा, एक गाठ पाण्यात बुडेल अशी बाटलीत ठेवा. पण पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून बाटली आतून घासायचीच, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. हे जमणार नसेल तर मातीतलं स्नेक प्लांट ठेवा, ते कमी उजेडात आणि पंधरा दिवसांच्या सुट्टीतही तग धरतं.

खरेदी कुठे, आणि आणायची कशी

सगळ्यात चांगला बाजार म्हणजे तुमच्याच कॉलेजचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. मे-जूनमध्ये खोली सोडताना ते टेबल, दिवे, बादल्या, स्प्रिंगचे रॉड कवडीमोलाने देतात. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारा. लाकडी आणि धातूच्या वस्तू खुशाल घ्या. गादी, उशी, सोफा मात्र फुकट दिला तरी घेऊ नका, ढेकणांमुळे.

ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याचा बाजार. हुक, दोऱ्या, प्लॅस्टिकचे डबे, पायपुसणी, कापड सगळं एका फेरीत होतं आणि घाऊक दुकानं असल्याने दोघातिघांनी मिळून घेतलं तर भाव उतरतो. सकाळी जा, संध्याकाळी आणि सणाच्या तोंडावर तिथे पाय ठेवायला जागा नसते. टेबल-खुर्ची नवीनच घ्यायची असेल तर उल्हासनगरचं फर्निचर मार्केट बघण्यासारखं आहे. तुर्भ्याला २०२० च्या डिसेंबरपासून आयकिया हे घरसामानाचं मोठं दुकान आहे. तिथे मोठ्या वस्तूंकडे न वळता क्लिपचे दिवे, हुक, डबे अशा लहान गोष्टी बघा, आणि यादी हातात ठेवूनच आत शिरा.

रूमपार्टनरला खरेदीच्या आधी विचारा, नंतर नव्हे. पडदा, पायपुसणी, बल्ब या सामाईक वस्तूंचे पैसे अर्धे-अर्धे करा आणि वर्ष संपल्यावर कोणती वस्तू कुणाची ते तेव्हाच ठरवून टाका.

आणि मोठी वस्तू लोकलने आणायची असेल तर ठाणे-वाशी-पनवेल ट्रान्सहार्बरला दुपारी बारा ते चारच्या दरम्यान चढा. चार फुटांपेक्षा लांब काहीही असेल तर ते उभं धरा, दारापासून आत सरका, आणि टोकदार कोपऱ्यांना घरून निघतानाच जुनं कापड बांधा.